रोट खातानाचं पान

पुस्तकासाठी एजंट शोधते आहे, असं मी घरी सांगितलं तेव्हा वडील म्हणाले, "एजंट कसाले? तुले गाडीनं लायसन काढनं शे का?"

त्यांचं चुकलं नव्हतं. एरंडोलजवळच्या आमच्या गावात एजंट म्हणजे लायसनचा, नाहीतर विम्याचा. आमच्या घरातून कॉलेजात जाणारी मी पहिलीच. जळगावला शिकायला आल्यावर मलाही एका मॅडमकडून कळलं, की लेखकाचं लेखन प्रकाशकापर्यंत नेणारी माणसं असतात. मराठीत ती फारच थोडी. मुलांच्या चित्रांच्या पुस्तकांसाठी तर त्याहून कमी. मी सापडतील त्या पत्त्यांवर मेल पाठवले. बहुतेकांचं उत्तर आलं नाही. एकाने चित्रं कुठे आहेत असं विचारलं आणि चित्रं मला काढता येत नाहीत हे कळल्यावर पुढे काही लिहिलं नाही.

पुण्याच्या एका बाईंचा मात्र फोन आला. चित्रं प्रकाशक काढून घेतात, मजकूर पुरे, असं त्या म्हणाल्या. मला जरा बरं वाटलं.

माझी गोष्ट कानबाईच्या दिवसाची होती. श्रावणात आमच्याकडे कानबाई ही देवी बसते. घरातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावाने मुठीने गहू घेतात, ते दळून त्याचे रोट, म्हणजे नैवेद्याच्या पोळ्या, करतात. गोष्टीतली मुलगी सकाळपासून या सगळ्याच्या मागे मागे फिरते. गहू निवडणं, जात्याची घरघर, पुरणाचा वास, आरती. शेवटच्या पानावर दुसऱ्या दिवशी सकाळी सगळे कानबाईला नदीवर पोचवायला जातात.

"छान आहे," बाई म्हणाल्या. "पण रोट गेले कुठे?"

मला प्रश्न कळला नाही.

"अहो, सगळं पुस्तक रोटांचं. मुलं वाट बघणार, आता खातील, आता खातील. आणि तुमची मुलगी थेट नदीवर. खाल्ले कोणी? ते पान पाहिजे. त्याशिवाय मी हे पुढे नेऊ शकणार नाही."

मी हो म्हणाले आणि फोन ठेवला. मग लिहायला बसले तर लिहिता येईना. तेव्हा लक्षात आलं की ते पान मी विसरले नव्हते. लिहायचं असतं हेच मला सुचलं नव्हतं. आमच्याकडे रोट फक्त भाऊबंदांनी खायचे. शेजारी, पाहुणे, कोणालाच द्यायचे नाहीत. लग्न झालेल्या आत्यालाही नाही. खाताना दार लोटून घेतात. गोष्ट लिहितानाही मी ते लोटून घेतलं होतं.

शनिवारी गावी गेले आणि आबांना, म्हणजे वडिलांच्या मोठ्या भावाला, रोट खातानाचं पान लिहू का असं विचारलं. ते ओट्यावर मोबाईल बघत होते.

"वाचणारी पोरं आपला भाऊबंद शेतस का?" आबा म्हणाले.

"नाहीत."

"मंग?"

काकू आतून म्हणाल्या, "आनि तुमी कानबाईना फोटो मोबाईलवर सर्वासले धाडतस, ते?"

"फोटो देवीना शे. रोटना नही."

"चित्रमाना रोट कोन खाई? कागद शे तो!"

"तुले खावाना शे ते खाय," आबा म्हणाले. काकू हसल्या. आबा हसले नाहीत. माझ्याकडे वळून म्हणाले, "तू शिकेल शे. तुले वाटी ते कर. पन माले इचारशी ते नही."

वाटेल ते करायला मी मोकळी होते. चार ओळी लिहिल्या असत्या तर एजंट मिळाली असती, आणि पुण्यातल्या कुठल्याच मुलाला त्यात काही गैर वाटलं नसतं. तरी माझ्याने ते झालं नाही. याला श्रद्धा म्हणावं की सवय, मला अजून नक्की सांगता येत नाही.

सोमवारी जळगावला परतल्यावर मी बाईंना फोन केला आणि अडखळत सगळं सांगितलं.

त्यांनी विचारलं, "म्हणजे मी कानबाईला तुमच्या घरी आले, तरी मला रोट नाही?"

"नाही मॅडम. बाकी सगळं मिळेल."

"आणि मी कुठे बसायचं?"

"ओट्यावर. आमची शेजारीण बसते ना, तशा. तिची मुलगी माझी मैत्रीण होती. आमचं खाणं होईपर्यंत ती दाराबाहेर बसून मला हाका मारायची, आटप की गं, आटप की गं."

 

"हे लिहा," बाई म्हणाल्या. "बाहेरून लिहा. मी अजून हो म्हणत नाहीये."

मी ते पान लिहिलं. लोटलेलं दार, ओट्यावर बसलेली मैत्रीण, तिच्या हाका. आतलं काही नाही. काही दिवसांनी बाईंचा करार मेलवर आला. एक अटही होती: मैत्रिणीला आणखी एक पान द्यायचं. ते मला मान्य होतं.

प्रकाशक अजून मिळालेला नाही. दोघांनी नको म्हटलं, तिसऱ्याकडे गोष्ट पडून आहे. आबांना मी ते पान वाचून दाखवलं. ऐकून झाल्यावर त्यांनी विचारलं, "ती पोर इतका येळ उन्हमा बसनी का?" मी सावलीचं एक वाक्य वाढवलं आणि बाईंना परत पाठवलं.