सिस्टरबाईंचं नाव

धनजच्या शाळेत माझं नाव घालायला बाबा घेऊन गेले तेव्हा गुरुजींनी ते तीनदा खोडलं. आधी मथिल्दा लिहिलं, मग मातीलदा, मग आणखी काहीतरी. शेवटी पेन खाली ठेवून त्यांनी विचारलं, "हे लिवायचं कसं, भाऊ?" बाबांना लिहिता येत नव्हतं. ते म्हणाले, "जसं आयकू येते तसं लिवा." गुरुजींनी 'मटिल्डा' लिहिलं. पुढं बाबांचं नाव, एका देवाचं. त्याच्यापुढं आडनाव, निम्म्या गावाचं असतं ते. मी रिटायर होईपर्यंत शिक्षिका होते, हजारभर मुलांची नावं रजिस्टरात लिहिली असतील, पण अशी ओळ दुसरी पाहिली नाही.

त्या नावाची गोष्ट मला मायनं सांगितली. माझ्याआधी तिची तीन लेकरं गेली होती. एक चार दिवसांचं, एक सव्वा महिन्याचं, एक तर रडलंच नाही. माझ्या वेळी आत्यानं आधीच ठरवून टाकलं होतं, की यावेळी लेकरू झालं की त्याला उकिरड्यावर टाकायचं, शेजारणीनं उचलून आणायचं आणि नाव उकर्डा नाहीतर उकर्डी ठेवायचं. म्हणजे काळाला वाटावं, हे टाकलेलं पोर आहे, याला कोण नेतो. आमच्या भागात त्या नावाची माणसं अजून भेटतात. प्रत्येकाच्या मागं एक घाबरलेली आई असते.

पण मायला दोन दिवस कळा आल्या आणि सुटका होईना. सुईणीनं हात टेकले. बाबांनी बंडी जुंपली, तिच्यात कडबा पसरला, वर गोधडी टाकली आणि मायला कारंज्याला नेलं. तिथं तेव्हा मिशनचा एक लहानसा दवाखाना होता. आता तो नाही. त्या दिवशी डॉक्टर वाशीमला गेलेले होते. एक सिस्टर तेवढ्या होत्या. तिशीच्या आसपासच्या, सावळ्या, याच भागात वाढलेल्या, मराठी ख्रिस्ती घरातल्या. त्यांनी मायला आत घेतलं आणि दार लावलं. दुसऱ्या दिवशी सकाळी मी झाले.

बाबांनी सिस्टरबाईंना त्यांचं नाव विचारलं. त्यांनी सांगितलं. बाबा म्हणाले, "पोरीचं हेच नाव ठेवतो."

"अहो बाबा, गावात कसं चालेल हे? गंगा ठेवा, यमुना ठेवा."

"सिस्टरबाई, आमच्या नावाची तीन लेकरं गेली. हे तुमच्या नावाचं राहू द्या."

माय सांगायची, त्यावर सिस्टरबाईंनी मला गुंडाळलेलं फडकं उगीचच पुन्हा सोडलं आणि पुन्हा गुंडाळलं.

मी जगले. माझ्यामागून तीन वर्षांनी भाऊ झाला, तोही त्याच दवाखान्यात. त्याचं नाव साधं ठेवलं. तोवर बाबांची भीती गेली होती.

माझं मात्र ते नाव सोपं गेलं नाही. पोरं चिडवायची, "मटिल्डा मटिल्डा, पाण्याचा हंडा." ते चालायचं. मोठी माणसं पारावर बाबांना विचारायची, "काहो, धरम बदलला काय तुमी?" ते ऐकलं की मला जमिनीत गडप व्हावंसं वाटे. बाबा शांतपणे सांगत, "धरम तोच हाय. पोरगी वाचली, एवढंच बदललं."

दर दिवाळीनंतर बाबा मला घेऊन कारंज्याला जायचे. हातात नव्या मुगाची पिशवी. सिस्टरबाईंची खोली दवाखान्याच्या मागच्या अंगाला होती. त्या आधी माझी हनुवटी धरून डोळ्याची खालची पापणी ओढून बघायच्या. "रक्त कमी आहे हिच्या अंगात. गूळ-शेंगदाणे देत जा." मग बिस्किटं द्यायच्या. बाबा खाली बसायचे, खुर्ची दिली तरी. अर्ध्या तासानं आम्ही उठायचो.

सातवीत असताना मी विचारलं होतं, "सिस्टरबाई, आपल्या नावाचा अर्थ काय?"

त्या हसल्या. "मला कुठं ठाऊक? मिशनमध्ये एक परदेशी मॅडम होत्या. त्यांनी माझ्या आईला लिहायवाचायला शिकवलं. आईनं त्यांचं नाव मला ठेवलं. अर्थ तिनंही विचारला नसेल."

लग्न ठरलं तेव्हा शेलूबाजारच्या माझ्या सासऱ्यांनी पहिल्याच बैठकीत नावाचा विषय काढला. माणूस वाईट नव्हता. म्हणाले, "लोकं विचारतीन, सून कोन्या समाजाची आणली. रोज किती जणांले सांगू?" लग्नात नवऱ्यानं ताटातल्या तांदळावर अंगठीनं माझं नवं नाव लिहिलं. एका देवीचं नाव, त्या गल्लीत आणखी तिघींचं होतं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. बाबा उठून मांडवाबाहेर गेले. मी ते पाहिलं. आणि खरं लिहायचं तर मला त्या वेळी वाईट वाटलं नाही. सुटल्यासारखं वाटलं. आता कुणी दोनदा विचारणार नव्हतं.

लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळीला माहेरी गेले तेव्हा बाबा म्हणाले, "चाल, सिस्टरबाईकडं जाऊन येऊ." मी म्हटलं, पुढच्या वर्षी जाऊ. पुढच्या वर्षी पोटात मुलगा होता. त्याच्या पुढच्या वर्षी बाबांनी विचारलंच नाही. मग नोकरी लागली, कागदपत्रांवर नाव बदलून घेतलं, मुलं मोठी झाली, आधी माय गेली, नंतर बाबा गेले. कारंज्यावरून बस किती वेळा गेली असेल. मी उतरले नाही.

माझी पुतणी, दिरांची मुलगी, नर्सिंग शिकली आहे. गेल्या वर्षी तिनं जर्मनीला जायचं ठरवलं. तिकडं म्हाताऱ्या माणसांची शुश्रूषा करायला नर्सा कमी पडतात म्हणे, पण भाषा यावी लागते. खाली घरात नेटवर्क नीट येत नाही म्हणून ती गच्चीवर बसून मोबाइलवर जर्मन शिकायची. मी वाळवणाजवळ राखणीला बसलेली असायचे. तिचे ते घशातून काढलेले शब्द ऐकून हसू यायचं.

एके दिवशी क्लास संपल्यावर ती म्हणाली, "मोठ्याई, तुमचं माहेरचं नाव मटिल्डा होतं ना? आज आमच्या मॅडमनं नावं शिकवली. ते जर्मन हाय."

"इंग्रजांचं असंल."

"नाई ना. त्यांनी बी तिकडूनच घेतलं. दोन शब्दांचं हाय ते. माख्ट म्हणजे बळ, आजही तोच शब्द हाय. आन् हिल्ड म्हणजे लढाई, तो शब्द आता कोणी वापरत नाही, जुना हाय. लढाईतलं बळ."

ती आपल्या वहीतून वाचत गेली. त्या लोकांत पूर्वी असे दोन दोन शब्द जोडून नाव करायची रीत होती. बर्ट म्हणजे उजळ. अल्बर्ट म्हणजे कुळानं थोर आणि उजळ. रॉबर्ट म्हणजे कीर्तीनं उजळ. फ्रेडरिक म्हणजे शांततेनं राज्य करणारा. गर्ट्रूड म्हणजे भाल्याचं बळ. कधी बापाच्या नावातला एक तुकडा आणि आईच्या नावातला एक तुकडा घेऊन लेकराचं नाव करत. मग अर्थ जुळो न जुळो, दोघांची खूण त्यात आली म्हणजे झालं.

मला दवाखान्यातला कंपाउंडर आठवला. त्याचं नाव अल्बर्ट होतं. आम्ही सगळे त्याला आल्बरभाऊ म्हणायचो. जखमेला औषध लावताना आधी स्वतःच "आई गं" ओरडायचा, म्हणजे पोरं हसायची. कुळानं थोर आणि उजळ. त्यालाही हे कुणी सांगितलं नसणार.

"काहून रडून राह्यल्या, मोठ्याई?" पुतणीनं विचारलं. मला कळलंच नव्हतं.

"मले कारंज्याले जायचं हाय," मी म्हटलं.

सिस्टरबाई जिवंत असतील असं मला वाटत नव्हतं. चर्चजवळ विचारलं तर एका बाईनं लगेच घर दाखवलं. भाचीकडं राहत होत्या. नव्वदीला आलेल्या, डोळ्यांना जवळजवळ दिसत नव्हतं. खिडकीजवळ खाटेवर बसून त्या लसूण सोलत होत्या, हातांच्या अंदाजानं. मी पायाशी बसले. पुतणी दारात थांबली.

"कोण?"

"मी धनजची. तुमच्या हातानं झालेली."

"माझ्या हातानं फार झाली गं बाई."

"माझे बाबा मूग आणायचे."

त्यांचे हात थांबले. "मुगवाल्यांची पोरगी? माझ्या नावाची?"

"हो."

त्यांनी हात पुढं केला, माझी हनुवटी शोधली आणि धरून ठेवली. म्हणाल्या, "तुझे नमस्कार मिळायचे मला. दर दिवाळीला."

मला समजेना.

"तुझे बाबा यायचे ना. लग्नानंतर तू नव्हतीस, पण ते चुकले नाहीत. इथंच खाली बसायचे. सांगायचे, मटिल्डाले सुट्टी भेटली नाही सिस्टरबाई, पण तिनं पहिला नमस्कार तुमालेच सांगतला. हे मूग तिनंच निवडून देल्ले. मग एका वर्षी आले नाहीत. मी समजले."

लग्नानंतर सासरी, माहेरी, नोकरीच्या शाळेत, कुठंही ते नाव मला कुणी हाक मारायला वापरत नव्हतं. बाबासुद्धा माझ्यासमोर मला नुसतं 'बाई' म्हणायचे. मला वाटायचं, तेही विसरले. आणि ते दर वर्षी कारंज्याला येऊन, जमिनीवर बसून, माझ्या वतीनं खोटं बोलत होते.

त्या दिवशी मला खरं सांगवलं नाही. मी फक्त नावाचा अर्थ सांगितला. पुतणीनं पुढं येऊन दोन्ही शब्द म्हणून दाखवले. सिस्टरबाईंनी तिच्याकडून दोनदा म्हणवून घेतले.

"लढाई," त्या म्हणाल्या. "माझ्या आईला वाटलं असेल, एखाद्या फुलाचं नाव आहे." मग म्हणाल्या, "तुझ्या वेळी माझे हात थरथरत होते. डॉक्टरसाहेब नाहीत, पोर आडवं. मी कधी एकटीनं केलं नव्हतं. तुझ्या आईला ते दिसलं. तिनं माझं मनगट घट्ट धरलं आणि म्हणाली, करा बाई तुमी, मी हाओ. तिचं काही माख्ट का काय ते नाव नव्हतं."

त्यानंतर मी दर महिन्याला जाऊ लागले. दुसऱ्या खेपेला मात्र राहवलं नाही. मी सांगून टाकलं, की ते नमस्कार माझे नव्हते. मी कधीच काही सांगितलं नव्हतं आणि मूगही निवडले नव्हते.

"ठाऊक होतं मला," सिस्टरबाई म्हणाल्या. "त्या मुगात खडे असायचे गं. बाईमाणसानं निवडलेले मूग तसे नसतात."

"मग तुम्ही बाबांना बोलला नाहीत?"

"काय बोलायचं? एवढ्या लांबून तो माणूस तुझी लाज राखायला यायचा."

त्यांनी हे रागानं म्हटलं नाही. मला मात्र त्याचं फार लागलं, आणि लागायलाच हवं होतं.

पुतणी हिवाळ्यात जर्मनीला गेली. तिच्या जाण्यानंतर तीन आठवड्यांनी सिस्टरबाईंच्या भाचीचा फोन आला. सकाळी चहा घेता घेता गेल्या, त्रास झाला नाही, म्हणाली. मी पहिल्या गाडीनं गेले. माणसं फार नव्हती. पन्नाशी-साठीच्या काही बायका होत्या, आसपासच्या खेड्यांतल्या, कुंकू लावलेल्या, डोक्यावर पदर घेतलेल्या. एकमेकींना कुणी ओळखत नव्हतं. प्रत्येकीनं मूठभर माती टाकली. पाद्रीबाबांनी प्रार्थनेत सिस्टरबाईंचं नाव पुन्हा पुन्हा घेतलं, आणि प्रत्येक वेळी माझी मान वर व्हायची.

तिथून मी घरी न जाता धनजला गेले. भाऊ अंगणात तूर वाळत घालत होता. मी त्याला सगळं सांगितलं. बाबा दर दिवाळीला तिथं जात होते, काय सांगत होते, सगळं.

तो पायानं तूर पसरवत राहिला. मग म्हणाला, "मले मालूम होतं."

"कसं?"

"मीच तर त्याइले फाट्यावर सोडून देत होतो, गाडीवर. पुढं त्याइच्यानं बसमंदी चढनं होये ना, तं मीच कारंज्यापर्यंत नेत होतो. सिस्टरबाईच्या घराबाहेर उभा राहो."

"मले कधी बोलला नाही तू?"

"बाबा म्हने, तिले सांगू नोको. तिले वाईट वाटन." त्यानं तुरीतली एक काडी उचलून टाकली. "आन् म्हने, येईन आपली पोरगी. आज ना उद्या येईनच. तवरोक आपन जात राहू."

बाबांना जाऊन तेव्हा नऊ वर्षं झाली होती. मी पायरीवर बसले. भाऊही तूर सोडून माझ्याशेजारी येऊन बसला. आतून वहिनीनं चहा आणून दिला. तो घेतला, आणि पाचच्या गाडीनं मी शेलूबाजारला परत आले.