मशीनकडे तोंड करून

गेल्या महिन्यात सकाळी आठच्या सुमारास दत्तूभाऊंच्या घरून सुमनवहिनींचा फोन आला. "सायेब, ह्ये गेले," एवढंच म्हणाल्या. मी तुंगार्लीतल्या घरी चहा घेत होतो. मनात पहिला विचार आला तो दुःखाचा नव्हता. आता सांगायचं राहूनच गेलं, असा होता. माणूस किती स्वार्थी असतो!

दत्तूभाऊ मावळातल्या एका दगडखाणीवर पोकलेन चालवायचे आणि मी तिथला सुपरवायझर. वयाने थोरले, म्हणून मी त्यांना 'भाऊ' म्हणायचो. गाव नवलाख उंबरे. भावकीतली माणसं कारखान्यांत लागली, यांना मात्र दगडाचंच वेड. तव्यावरची भाकरी उलटावी इतक्या अलगद ते मोठाले दगड उचलत. खाणीत माणसं दगडाखाली सापडतात, असं बाहेरच्यांना वाटतं. तसंही होतं, पण मी पाहिलेल्या कितीतरी दुखापती मशीन बंद केल्यावरच्या. दिवसभर हादरे खाऊन पाय बधिर झालेले, घरची ओढ लागलेली, आणि ऑपरेटर पायऱ्या सोडून वरूनच उडी मारतो. भाऊंनीही मारली. खाली सुटा दगड होता. गुडघा असा फिरला, की त्यांची किंकाळी क्रशरच्या घरघरीतूनही मला ऐकू आली.

मालकांनी मला बाजूला घेतलं. चौकशी लागली तर खाण बंद पडेल, म्हणाले. "लिहा, मोटारसायकलवरून पडला." मी लिहिलं. माझंही घर होतं, मुलीचं शिक्षण होतं... ही कारणं आता मला तोंडपाठ आहेत. भाऊंनी कागद पाहिला, माझ्याकडे पाहिलं आणि मुकाट सही केली. कामावरचा अपघात नाही म्हटल्यावर उपचाराच्या खर्चाला खाणीने हात वर केले. ऑपरेशन राहिलं ते राहिलंच. दुखणं दाबायच्या गोळ्या खाऊन ते पुन्हा मशीनवर चढले.

पण उड्या त्यांनी बंद केल्या, स्वतःच्या आणि सगळ्यांच्या. मी सूचनांचे फलक लावून थकलो होतो. ते वाचतो कोण? एका खंडेनवमीला पोकलेनला झेंडूची माळ घातली, नारळ फुटला, आणि वर चढलेले ऑपरेटर नेहमीसारखे उड्या टाकायला लागले. भाऊ खालून ओरडले, "आरं, आत्ताच पूजा केली न्हवं तिची? देवळातनं निघताना देवाला पाठ दावता व्हय? तोंड तिच्याकडं करा, दोन्ही हातांनी धरा, मग उतरा!" सगळे हसले. पण देवाची गोष्ट म्हटल्यावर कुणाची टाप! त्या दिवसापासून जो तो पायरी पायरीने उतरू लागला. माझ्या फलकांना जे जमलं नाही, ते भाऊंच्या एका दटावणीने केलं.

गोळ्यांनी शेवटी त्यांच्या किडन्या खाल्ल्या. दवाखान्यात गेलो तो माफी मागायचीच असं ठरवून. तासभर बसलो, भातलावणीवर बोललो, पोरांच्या नोकऱ्यांवर बोललो... उठताना कसंबसं विचारलं, "गुडघा कसाय?"

"ऱ्हाऊ द्या, सायेब. आता कुटं चालायचंय?" ते म्हणाले. मी भित्रा माणूस, तेवढ्यावर सुटलो.

दहाव्यानंतर मात्र राहवलं नाही. वहिनींसमोर बसलो आणि सगळं बोलून टाकलं.

"मला समदं ठावं हाय," त्या म्हणाल्या. "डाक्टरनी इचारलं, ह्या गोळ्या कशापायी सुरू झाल्या? तर ह्ये म्हनले, गाडीवरनं पडलो. मी बोलाय लागले तर माजा हात दाबला. मागनं म्हनले, खरं सांगितलं तर सायबाचं नाव निघंल."

पन्नाशी ओलांडलेला मी, त्या माउलीपुढे हुंदके देऊन रडलो. मरणाच्या दारात बसूनही भाऊ माझी लाज झाकत होते, आणि मी त्यांना भातलावणी ऐकवत होतो.

निघू दे आता नाव. तो खोटा कागद मी लिहिला. दत्तूभाऊ मोटारसायकलवरून पडले नव्हते. त्यांना आयुष्यात कधी मोटारसायकल चालवताच आली नाही.