आतला फ्रीज

तो पोहण्याच्या तलावाच्या कडेला आडवा पडला होता. अंग तव्यासारखं तापलेलं आणि घामाचा एक थेंब नाही. हाक मारली तर माझ्याकडे बघून म्हणाला, "आई, म्हशीला पाणी दाखवलं का?" मी त्याची आई नाही आणि आखातातल्या या अल वक्रात म्हशी नाहीत. तेव्हा समजलं, गडी चालला.

हा सोलापूरकडचा मेकॅनिक. तलावाचं पाणी थंड करणारं मशीन दुरुस्त करायला आला होता. इथे ऑगस्टमध्ये तलावाचं पाणीसुद्धा थंड करावं लागतं, नाहीतर आंघोळीच्या पाण्याइतकं तापतं. उन्हाळ्यात भर दुपारी बाहेर काम करायला सरकारची बंदी आहे. पण संध्याकाळी साहेबांच्या धाकटीचा वाढदिवस होता, आणि कंपाउंडच्या आत कोण बघतो?

तासाभरापूर्वीच मी त्याला म्हटलं होतं, "यल्ला, चल, सावलीत बस जरा."

"मावशी, सावलीत बसायला मला विमानानं आणलं नाही."

"मग मर तिकडे." असं मी सगळ्यांनाच म्हणते.

मी या घरात बावीस वर्षं स्वयंपाक करते. आधी अल मन्सूरात दोन खोल्या होत्या. मी हॉलमध्ये झोपायची, मालकिणीला वहिनी म्हणायची. फ्रीज एकच. त्यात माझी आमटी आणि साहेबांचं दही शेजारी शेजारी. मग साहेब मोठे झाले, व्हिला आला, वहिनींच्या मॅडम झाल्या. आता फ्रीज दोन. मागच्या पडवीतला आमचा, त्यात बर्फ धरत नाही. आतला त्यांचा. त्याला विचारल्याशिवाय हात लावायचा नाही. हे मला एकदाच सांगितलं होतं, तेही हसून. तेवढं पुरलं.

घरात दुसरं कुणी नव्हतं. मी ॲम्ब्युलन्स बोलावली. त्याला ओढत पडवीत आणलं. इथवर ठीक. मग मॅडमना फोन लावला, आतला फ्रीज उघडू का विचारायला. त्या पार्लरमध्ये होत्या, उचलला नाही. परत लावला. परत लावला. गडी मरतोय आणि मी परवानगी मागतेय.

चौथ्यांदा लावला नाही. आत गेले. पार्टीचा बर्फ अजून यायचा होता. होती ती सुरमई, पिशव्यांत दगडासारखी गोठलेली. दोन पिशव्या काखांत घातल्या, दोन जांघांत, एक मानेखाली. थंड पाण्याच्या सगळ्या बाटल्या अंगावर ओतल्या. ॲम्ब्युलन्सवाल्याने पिशव्या पाहिल्या आणि म्हणाला, "अच्छा किया, अम्मा."

त्याला नेल्यावर मॅडम आल्या. "मावशी, सुरमई बाहेर का काढलीत?"

मी सांगितलं. त्या खुर्चीवर बसल्या. म्हणाल्या, "विचारायचं तरी."

मी फोन दाखवला. मग सुरमई धुतली, मसाला लावला, तळली. पाहुण्यांनी नावाजली. तलाव काही थंड झाला नाही, पोरं काठावर पाय सोडून बसली.

गडी पाच दिवसांनी इस्पितळातून सुटला. तो पडला त्या दुपारी घरी आम्ही दोघंच होतो, तो आणि मी. आतला फ्रीज न विचारता उघडला, तरी दोघंही जिवंत आहोत.