दहा तारखेची मुदत

आमच्या वकीलसाहेबांच्या ऑफिसात टायपिंग करणाऱ्या बाईंना सगळे नुसतं 'बाई' म्हणतात. बावीस वर्षं झाली. मी तिथला कारकून. माझं टेबल त्यांच्या समोरच, त्यामुळे त्यांची बोलणी सगळ्यात जास्त मीच खाल्ली आहेत. पाकिटावर पत्ता जरा वाकडा लिहिला, तर बाई ते पाकीट दोन बोटांत धरून परत माझ्या टेबलावर ठेवतात. एक शब्द बोलत नाहीत आणि तेच जास्त लागतं.

घर रिकामं करायच्या नोटिशी ही बाईंची खासियत. मालकाने भाडेकरूला कागद धाडला की झालं काम, असं लोकांना वाटतं. बाई मात्र नोटीस सहीला पाठवण्याआधी पेन्सिलीने चार ठिकाणी टिंब देतात. जागा ज्याच्या नावावर भाड्याने आहे त्याचंच नाव आहे ना, जागेचं वर्णन नेमकं आहे ना, कारण स्पष्ट लिहिलंय ना आणि मुदत. मुदतीवर भलेभले घसरतात. आमच्याकडच्या कायद्याने भाडेकरूला पूर्ण महिना द्यावा लागतो आणि मुदत नेमकी भाड्याचा महिना संपतो त्या दिवशी संपावी लागते. माणूस अकराला राहायला आला असेल तर त्याचा महिना दहाला संपतो. तिथे महिनाअखेर लिहिली, की कोर्ट नोटीस उडवून लावतं आणि मालकाला पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. बाईंच्या हातची एकही नोटीस आजवर उडाली नाही. साहेब तर हल्ली न वाचताच सही करतात.

त्या दिवशी सकाळी एक गृहस्थ आले. आई वारली होती, घर त्यांच्या नावावर झालं होतं आणि तळमजला भाडेकरूकडून सोडवून घ्यायचा होता. स्वतः परगावी राहत असल्यामुळे भाडेकरूंना त्यांनी कधी पाहिलंही नव्हतं.

"एक म्हातारी आहे आणि तिचा अंथरुणाला खिळलेला नवरा," ते म्हणाले. "साधी माणसं आहेत. कागद बघूनच घाबरतील."

साहेब मजकूर सांगू लागले, बाई टाइप करू लागल्या. साहेबांनी भाडेकरूचं नाव सांगितलं आणि टायपिंगचा आवाज थांबला.

मी मान वर केली. ते नाव बाईंच्या यजमानांचं होतं. साहेबांना ते 'बाईंचे मिस्टर' एवढेच माहीत. मी मात्र त्यांना दोनदा चाकांच्या खुर्चीतून दवाखान्यात नेलं होतं. त्यांचं उजवं अंग लुळं पडलंय. खुर्ची आतबाहेर करता यावी म्हणून त्या घराचा उंबरठासुद्धा काढलाय. वरच्या मजल्यावरची जागा त्यांच्या उपयोगाची नाही आणि तळमजल्यावरची परवडेल अशी जागा त्या भागात औषधालाही उरलेली नाही.

"लिहिलं का?" साहेबांनी विचारलं.

"लिहिलं," बाई म्हणाल्या.

पुन्हा बोटं चालू झाली. पत्ता. तळमजल्यावरच्या दोन खोल्या. कारण असं, की मालकाला स्वतःला राहायला जागा हवी आहे, शिवाय भाडेकरूने उंबरठा तोडून जागेची नासधूस केली आहे. बाईंचे कान लाल झालेले मला इथून दिसत होते. उंबरठा काढायला सुतार पाठवला होता तो याच गृहस्थांच्या आईने.

मग मुदत आली. "पुढल्या महिन्याच्या अखेरपर्यंत," साहेब म्हणाले.

बाई त्या घरात अकरा तारखेला राहायला गेल्या होत्या. एकोणीस वर्षांपूर्वी सामान हलवायला त्यांनी घेतलेल्या रजेचा अर्ज मीच लिहून दिला होता. म्हणजे नोटीस चुकत होती! बाईंनी आता फक्त सांगितलं तेवढंच टाइप करायचं. साहेब सही करतील, मी पाकीट पोस्टात टाकीन आणि वर्षभराने कोर्ट ती उडवील. गप्प बसा बाई, मी मनातल्या मनात ओरडत होतो, आयुष्यात एकदा तरी गप्प बसा.

बाईंनी पेन्सिल उचलली, पुन्हा खाली ठेवली.

"साहेब, मुदत चुकतेय. दहा तारीख हवी. महिना अकराला सुरू होतो."

साहेबांनी कागद चाळले. "कशावरून? यात तर कुठेच नाही."

"मी राहते तिथे," बाई गृहस्थांकडे बघत म्हणाल्या. "ती म्हातारी मी."

साहेबांचा चेहरा खर्रकन उतरला. त्यांनी फाईल मिटून गृहस्थांपुढे सरकवली आणि हे काम आपल्याला करता येणार नाही असं सांगितलं. मग खाली बघत म्हणाले, "आणि बाई, यांचं सगळं मी ऐकून बसलोय. त्यामुळे आता तुमच्या बाजूनेही मला उभं राहता येणार नाही."

गृहस्थ कागद गोळा करून निघाले. दारात वळून म्हणाले, "दहा तारीख ना? आभारी आहे."

माझ्या डोक्यात तिडीक गेली. दुपारी डबा खाताना मी बाईंवर ओरडलो, बावीस वर्षांत पहिल्यांदा. "कुणी सांगितलं होतं हा शहाणपणा करायला?"

"घाबरतील म्हणाला ना तो," बाई म्हणाल्या. "ते मला सोसलं नाही." त्यांनी डब्याचं झाकण लावलं. "चुकलं का हो भाऊ माझं?"

चुकलंच होतं.

दहा दिवसांनी दुसऱ्या वकिलाची नोटीस आली. बाईंनी ती ऑफिसात आणली आणि पेन्सिलीने टिंबं दिली. नाव बरोबर, जागा बरोबर, कारण लिहिलेलं, मुदत दहा तारीख. "चोख आहे," त्या म्हणाल्या.

मुदत संपली. अकराला सकाळी मी रजा टाकून त्यांच्या घरी गेलो. नऊच्या सुमाराला गृहस्थ दोन हमाल आणि एक कोरं कुलूप घेऊन हजर झाले. यजमान आतल्या खोलीत होते. बाई दारात, जिथे उंबरठा नाही तिथे, उभ्या राहिल्या.

"मुदत संपली," गृहस्थ म्हणाले. "तुम्हीच सांगितलेली तारीख आहे."

"हो. नोटीस अगदी बरोबर आहे."

"मग व्हा बाजूला."

"बरोबर आहे म्हणून आता तुम्हाला दावा लावता येईल. नोटिशीने तेवढंच होतं. तुमचं कारण खरं आहे हे कोर्टात सिद्ध करा, हुकूम आणा, मग मीच सामान उचलते. उंबरठ्याचंही तिथेच सांगा. सुतार पाठवते म्हणून तुमच्या आईंनी लिहिलेली चिठ्ठी आहे माझ्याकडे."

गृहस्थ एक पाऊल पुढे आले. मीही बाईंच्या शेजारी सरकलो. बाई हलल्या नाहीत. तेवढ्यात एक हमाल म्हणाला, "साहेब, कोर्टकचेरीचं असेल तर आम्ही नाही हात लावणार सामानाला." आणि दोघे चालू लागले.

"मी परत येईन," गृहस्थ म्हणाले.

"या," बाई म्हणाल्या. "हुकूम घेऊन या."

ते कोपऱ्यावरून वळेपर्यंत बाई ताठ उभ्या होत्या. मग भिंतीला धरून तिथेच खाली बसल्या. "दार लावून घ्या भाऊ," त्या हळूच म्हणाल्या, "मला उठता येत नाहीये."

मी दार लावलं. आतून यजमानांचा आवाज आला, "कोण होतं गं?"

"मालक."

"काय म्हणाला?"

बाईंनी दोन्ही तळहातांनी तोंड पुसलं.

"परत येईन म्हणाला."