काकांची रत्नागिरी

"सगळं फुकट असलं पायजे," काका मला फोनवर बोलले, "पण फुकट दिसता नये."

काकांच्या मुलीचं लग्न ठरत होतं. मुलगा-मुलगी एकमेकांना पसंत होती, दोन्ही घरांचं जमलं होतं, फक्त साखरपुड्याची तारीख धरायची राहिली होती. तेवढ्यात मुलाच्या वडिलांनी एक साधी इच्छा बोलून दाखवली. हे होणारे व्याही मूळचे कोल्हापूरकडचे, नोकरीमुळे ठाण्याला राहिलेले. ते म्हणाले, "पाव्हणं, एकदा तुमची रत्नागिरी तरी दाखवा की. परत येताना गाडीतच तारीख धरू."

काकांना नाही म्हणता येईना. रत्नागिरी त्यांचीच होती. पस्तीस वर्षं ते मुंबईत सगळ्यांना हेच सांगत आले होते. अडचण एवढीच होती, की त्यांनी ती कधी पाहिली नव्हती.

यावरून काकांना कुणी खोटारडं समजू नये. आमचं गाव रत्नागिरी जिल्ह्यातलंच, पण समुद्रापासून पन्नास किलोमीटर आत. तिथे भात होतो, नाचणी होते, आणि जी मुलं होतात ती मुंबईला जातात. मासा म्हणजे आम्हाला सुकट, नाहीतर पऱ्यातल्या, म्हणजे ओढ्यातल्या, कुर्ल्या. गावातला माणूस रत्नागिरीला जातो तो कोर्टात, सरकारी दवाखान्यात किंवा जिल्हा परिषदेत. काकांवर देवाची कृपा, तिन्हीपैकी एकही वेळ त्यांच्यावर आली नाही. मुंबईची गाडी त्यांना महामार्गावर सोडायची आणि ते तिथून चालत गावात यायचे.

मुंबईत कंपनीत लागले तेव्हा कुणीतरी गाव विचारलं. काका म्हणाले, "रत्नागिरी." समोरच्याचे डोळे चमकले. "अरे वा! हापूस! समुद्र!" काकांनी त्या वेळी सरळपणे सांगितलं, की आमचं गाव आत आहे, समुद्र नाही, हापूसही नाही. समोरचा लगेच दुसऱ्याशी बोलायला लागला. पुढच्या वेळी कुणी "हापूस?" असं विचारलं तेव्हा काकांनी नुसती मान हलवली. मानेचं एक असतं, एकदा हलली की तिला सवय होते. हळूहळू काकांना आंब्याची बाग आली, बागेला कुंपण आलं, आणि घराच्या मागच्या दारी समुद्र आला.

मी त्यांना मदत करणार हे ठरलेलंच होतं. आमच्या घरातला मी पहिला पदवीधर, आणि बी.ए., बी.एड.ची माझी फी काकांनी भरलेली. मी पास झालो त्या दिवशी त्यांनी चाळीत पेढे वाटले आणि माझे मार्क असे वाचून दाखवले, की खालच्या मजल्यावरच्यांनाही ऐकू जावेत. आता मी रत्नागिरीत एका शाळेत शिकवतो. काकांनी मला समुद्र बाजूला करायला सांगितलं असतं, तरी मी आधी हेडमास्तरांकडे रजा टाकली असती.

फुकटचं कारण असं. काकांनी व्याह्यांना सांगून ठेवलं होतं, "आमच्या रत्नागिरीत खिशात हात घालावा लागत नाय. आपल्याला सगळे वळखतात." त्यामुळे जिथे तिकीट असेल ती जागा धोक्याची झाली. तिकीट मागणारा माणूस म्हणजे काकांना न ओळखणारा माणूस. दीपगृह कटाप, माशांचं संग्रहालय कटाप. उरले ते मांडवीचा धक्का, मिरकरवाड्याचा लिलाव, राजवाड्याजवळची उंचावरची जागा आणि भाट्याची वाळू. मी वर्गासाठी काढतो तशी टाचणं काढली आणि माशांची चित्रं नावांसकट काकांना व्हॉट्सअपवर पाठवली. वाटांसाठी आम्ही खूण ठरवली. मी पाण्याच्या बाटल्यांची पिशवी घेऊन दोन पावलं पुढे चालायचं. पिशवी डाव्या हातात घेतली की काकांनी "आता डावीकडे" म्हणायचं, उजव्या हातात घेतली की उजवीकडे.

मे महिन्यातल्या एका सकाळी तिघं गाडीतून उतरली. काका, व्याही आणि विहीणबाई. व्याह्यांच्या पायात या सहलीसाठी घेतलेल्या नव्या कोऱ्या कोल्हापुरी चपला होत्या. त्या इतक्या करकर वाजत होत्या, की स्टेशनवर माणसं वळून बघत होती.

धक्क्यापर्यंत खुणेचं गणित बरोबर चाललं. "आता उजवीकडे," काका म्हणायचे, इतक्या बेफिकीरपणे की मलाच वाटायला लागलं हे इथलेच. पण चार माणसांचं पाणी जड असतं. एका बोळापाशी माझा हात भरून आला आणि मी काही विचार न करता पिशवी दुसऱ्या हातात घेतली.

"आता डावीकडे," काका म्हणाले, आणि पाहुण्यांना घेऊन थेट एका घराच्या अंगणात शिरले.

अंगणात फणसाचे पापड वाळत घातले होते. त्यांच्या राखणीला बसलेल्या बाई उठून उभ्या राहिल्या. "कोण पायजे?"

"कोण नको," काका म्हणाले. "पाव्हण्यांना दाखवत होतो."

"काय?"

"घर. कोकणातलं."

बाईंनी चौघांना खालपासून वरपर्यंत पाहिलं. मग विहीणबाईंच्या घामाघूम चेहऱ्याकडे लक्ष गेल्यावर त्या आत गेल्या आणि कोकमाचं सरबत घेऊन आल्या. त्या उन्हात त्यांनी काकांचं नाव तेवढं विचारलं, दुसरं काही नाही. बाहेर पडल्यावर काका व्याह्यांना म्हणाले, "बोललो होतो ना? आपल्याला वळखतात."

"ओळखत्यात खरं," व्याही म्हणाले, "पर नाव इचारत हुत्या तुमचं."

मिरकरवाड्याला लिलाव रंगात आला होता. ट्रॉलरवरून टोपल्या उतरत होत्या, बर्फ फुटत होता, पायाखाली पाणीच पाणी. व्याही खूश झाले, पण त्यांच्या मनात सकाळपासून एक शंका होती. "ह्ये बगायचं काय पैसं न्हाईत?" त्यांनी मला बाजूला घेऊन विचारलं. मी नाही म्हटल्यावर त्यांचा चेहरा पडला. ज्याला पैसे पडत नाहीत ते बघण्यासारखं कसं असेल, हा प्रश्न त्यांना सतावत होता. आमच्या शाळेतही फुकट मिळालेली पुस्तकं मुलं उघडत नाहीत आणि विकतची गाईडं पाठ करतात, त्यामुळे मला त्यांचं पटलं.

"पाव्हणं, ह्यो कुठला मासा?" व्याह्यांनी एका टोपलीकडे बोट केलं.

"सौंदाळा," काका म्हणाले.

"आन् त्यो?"

"तोपण सौंदाळाच. मोठा."

मी पाठवलेल्या चित्रांपैकी तेवढं एकच नाव त्यांच्या लक्षात राहिलं होतं, कारण ते त्यांना आवडलं होतं. टोपलीमागची मासेवाली पदर खोचत हसली. "काय वो काका, बांगड्याला सौंदाला करताव? बांगडा ऐकल तर रडल!"

मी पुढे झालो. म्हटलं, "मावशी, तालुका बदलला की माशांची नावं बदलतात. काकांच्या भागात याला तेच म्हणतात." हे मी अगदी शिकवण्याच्या आवाजात म्हणालो. मासेवालीला ते पटलं नाही, पण व्याह्यांनी मान डोलावली. माझ्या पदवीचा काकांना झालेला हा पहिला उपयोग.

राजवाड्याजवळच्या उंचवट्यावर गेलो, तेव्हा मात्र कुणाचीच पिशवीकडे नजर गेली नाही. खाली खाडी, तिच्यावरचा पूल, पलीकडे सुरूचं बन आणि मग नुसता समुद्र. काका कठड्याला हात लावून उभे राहिले आणि बोलायचं विसरले.

"रोज बगून कटाळा येत आसंल न्हवं?" व्याह्यांनी विचारलं.

"येतो थोडा," काका म्हणाले, पण मान वळवली नाही. विहीणबाई समुद्राकडे कमी आणि काकांकडेच जास्त बघत होत्या, हे मला नंतर आठवलं.

दुपार कलल्यावर भाट्याला पोचलो. ओहोटी संपत आली होती, वाळू दूरपर्यंत ओली आणि चकचकीत पडली होती. काका आता रंगात आले होते. दिवस जवळजवळ निभावला होता. मी शहाळी आणायला सुरूच्या बनाकडे निघालो, तेव्हा मागून त्यांचा आवाज ऐकू आला. "चपला इथंच काढून ठेवा. कोण नेत नाय. सगळी आपलीच माणसं."

शहाळेवाला कोयता शोधत होता, त्यात वेळ गेला. मी चार शहाळी सांभाळत परत आलो, तर भरती लागली होती आणि काका पँट गुडघ्यापर्यंत दुमडून पाण्यात धावत होते. लाट आली की मागे, लाट गेली की पुढे. शेवटी ते विहीणबाईंची एक चप्पल घेऊन बाहेर आले. कोल्हापुरी जोड लांब पाण्यावर दिसला, दोन्ही चपला शेजारी शेजारी, कुणीतरी घालून चालल्यासारख्या. मग तोही दिसेनासा झाला.

 मग व्याही सावकाश म्हणाले, "पाव्हणं, समुद्र तुमच्या मागल्या दाराशी हाय म्हणालता. आन् तुमाला त्यो कवा वर येतोय त्येवढं ठावं न्हाई?"

माझ्याकडे उत्तर तयार होतं. आज अचानक उधाण आलं, वारा फिरला, जुन्या माणसांचाही अंदाज चुकतो. मी तोंड उघडलं, तेवढ्यात काकांनी ओला हात माझ्या खांद्यावर ठेवला.

"तू गप ऱ्हा, मास्तर," ते म्हणाले. मग व्याह्यांकडे वळले. "मी हा समुद्र आज पयल्यांदा बघतोय. मुंबईचा बघितलाय, पण तो भिंतीच्या पलीकडं असतो. असा चालत येतो ते मला म्हाईत नव्हतं."

"आन् बाग? सकाळी म्हणाला, यापाऱ्याला दिलीया, आत जाता येत न्हाई."

"बाग नाय."

"मग आमच्याकडं हापूसची पेटी धाडलीसा ती?"

"वाशीच्या मार्केटातली."

व्याह्यांचा चेहरा बघून मला वाटलं, संपलं. माझी चुलत बहीण तिकडे मुंबईत फोनची वाट बघत बसली असेल, आणि इथे तिचं लग्न चपलांच्या मागोमाग पाण्यात चाललं आहे. ज्याची बाग खोटी त्याची मुलगी तरी खरी कशावरून, असं कुणी विचारलं असतं तर आमच्याकडे काय उत्तर होतं?

"ते मला ठावं हुतं," विहीणबाई म्हणाल्या. त्या पदराचं टोक पिळत होत्या. आम्ही तिघं त्यांच्याकडे बघायला लागलो. "आंब्याखाली कानडी पेपर हुता. माझं माहेर सीमेवरचं, मला वाचाय येतंय. धारवाडकडच्या कुणाच्या तरी वास्तुशांतीची बातमी हुती."

"मग बोलली का न्हाईस?" व्याही त्यांच्यावरच उखडले.

"काय बोलायचं? आंबं ग्वाड हुतं. आन् पोरगी पयल्याच दिवशी म्हणाली, आई, आमच्यात समुद्र न्हाई, भात हाय. पोरगी खरं बोलतीया, आता बाप कवा बोलतोय बगू, म्हणून तर म्या तुमास्नी, रत्नागिरी दाखवा म्हणा, असं सांगितलं."

व्याही बराच वेळ वाळूत पायाच्या अंगठ्याने रेघा ओढत राहिले. मुलीनं सांगितलं होतं, बायकोला ठाऊक होतं, दिवसभर फसलेला माणूस तेवढा एकटाच होता, आणि हे त्यांना चपलांपेक्षा जास्त लागलं असावं. शेवटी ते म्हणाले, "तुमचं खरं गाव कुठं हाय?"

"लांब. आणि तिथं बघण्यासारखं काय नाय," काका म्हणाले.

"बगण्यासारखं बगून झालं सगळं. चला."

बाजारात विहीणबाईंना चपला, व्याह्यांना निळ्या पट्ट्याच्या स्लिपर घेतल्या आणि आम्ही एस.टी.त बसलो. शहर मागे पडेपर्यंत काका पुढच्या सीटची दांडी धरून बसले होते. महामार्ग लागल्यावर त्यांचं बोट खिडकीबाहेर गेलं. हा पऱ्या उन्हाळ्यातही आटत नाही. या वळणावर बैलगाडी उलटली होती. त्या कातळावर आम्ही गवत कापायचो, उन्हात पाय पोळायचे. व्याही आधी घुश्श्यातच ऐकत होते, मग "आन् तकडं काय?" असं विचारायला लागले. मला त्यातलं निम्मं ठाऊक नव्हतं. मी त्याच गावात जन्मलो, पण सगळा वेळ त्या गावातून बाहेर पडायचा अभ्यास करत होतो.

गावात पोचलो तेव्हा ऊन उतरलं होतं. काकांनी कुलूप काढलं. घर साधं, कौलारू, बंद राहून कुबट वास आलेलं. विहीणबाई आत गेल्याच नाहीत. अंगणाच्या कडेला एक प्रचंड फणसाचं झाड बुंध्यापासून वरपर्यंत लगडलं होतं, त्या त्याच्यासमोर उभ्या राहिल्या.

"ह्यो तरी तुमचा न्हवं?"

काकांनी झाडाकडे वरपर्यंत पाहिलं. झाड खरोखरच देखणं होतं, आणि ते कुणाचं आहे हे सांगायला आसपास माणूस नव्हतं.

"नाय," ते म्हणाले. "तो शेजाऱ्यांचा. आमचा तो, पलीकडला."

पलीकडे एक किरकोळ झाड उभं होतं. त्याला तीन फणस होते, त्यातला एक वांदरांनी खाल्लेला. व्याही स्लिपर फटफटवत तिथपर्यंत गेले, खालच्या फणसावर दोन टिचक्या मारल्या आणि कान लावून ऐकलं.

"पिकायला आठ दिस हायत," ते तिथूनच ओरडले. "पाव्हणं, कॅलेंडर आणा घरातलं."

घरातलं कॅलेंडर तीन वर्षांपूर्वीचं होतं, आणि काकांनी तेही सांगितलं.