नैवेद्याशेजारचा चेंडू

आमच्या मिरजेत माणूस गेला की तिरडीचे बांबू यायच्या आधी फ्लेक्स येतो. शेजारच्या दादाचाही आला. एक मैदानाच्या कोपऱ्यावर, एक रिक्षा स्टॉपच्या डोक्यावर आणि एक थेट त्याच्या दारात, असा बांधलेला की त्याच्या बायकोला, आमच्या वहिनींना, घराबाहेर पडायचं तर वाकावं लागत होतं. फोटो तरुणपणीचा, केस मागं वळवलेले, छातीवर फुटबॉल क्लबचा बिल्ला. खाली श्रद्धांजली वाहणाऱ्यांचे चेहरे, एकेक त्याच्यापेक्षा मोठा. सगळ्यांत मोठा क्लबच्या अध्यक्षांचा, तोही गॉगल लावून. दुःखात गॉगल कशाला लागतो, हे मला अजून कळलेलं नाही.

मी निवृत्त नर्स. मिरजेत एवढे दवाखाने आहेत की दगड मारला तर सिस्टरला लागावा, त्यातलीच मी एक. लग्न केलं नाही, त्यामुळं जन्म माहेरच्याच घरात गेला आणि माहेर मैदानाला अगदी चिकटून. आमच्या लहानपणी बायका-पोरींनी मैदानात जायची पद्धत नव्हती. आम्ही गच्चीवरून बघायचो. खाली पुरुष शिट्ट्या मारायचे, वर आम्ही कठड्यावर ताटल्या बडवायचो. तो लेफ्ट आउटला खेळायचा. त्याच्या डाव्या पायात काय होतं देव जाणे, पण चेंडू त्याच्याकडं गेला की आख्खं मैदान एकदम गप्प व्हायचं.

कोल्हापूरकर फुटबॉलच्या बाबतीत आम्हाला मोजतच नाहीत. त्यांच्या संघाविरुद्ध फायनलला त्यानं कॉर्नरवरून मारलेला चेंडू कुणाच्या डोक्याला, पायाला न लागता सरळ जाळ्यात गेला. तो गोल मी बघितलाय. आता मिरजेत ज्याला त्याला विचारा, तो म्हणतो मी गोलपोस्टच्या मागंच उभा होतो. एवढी माणसं पोस्टमागं उभी असती तर भिंत कोसळली असती.

त्याची एक ऐट होती. सामन्याला जाताना तो बूट खांद्यावर टाकून चालत जायचा आणि जिंकल्यावर पोरांच्या खांद्यावर बसून घरी यायचा. दारात वहिनी भाकरतुकडा ओवाळून टाकायच्या, मग तो खाली उतरायचा. खेळ संपला, कुपवाडच्या एका वर्कशॉपमध्ये लेथवर उभा राहायला लागला, पोट सुटलं, तरी फायनलच्या दिवशी जुनी पोरं एकदा त्याला उचलायचीच. तो नको नको म्हणायचा आणि लगेच उचलू द्यायचा. आम्ही सगळे हसायचो. त्या ऐटीचं पुढं काय होणार आहे, हे तेव्हा कुणाच्या डोक्यात यायचं कारण नव्हतं.

माझ्या गच्चीवरून त्यांची गच्ची दिसते. उन्हाळ्यात वहिनी जुन्या साडीवर कुरडया घालायच्या आणि कावळ्यांनी तोंड घालू नये म्हणून त्याचे फाटके फुटबॉल साडीच्या कडेनं मांडून ठेवायच्या. त्यावरून नवरा-बायकोची दरवर्षी जुंपायची. माझ्या चेंडूचं बुजगावणं केलं, म्हणून तो दिवसभर फुगून बसायचा. संध्याकाळी ओल्या कुरडईचा चीक वाटीत घालून समोर ठेवला की राग जायचा.

मग रक्तात साखर आली. त्यानं ती मनावर घेतली नाही. अंगठ्याला झालेली जखम बुटात लपवून कामावर जात राहिला आणि दवाखान्यात नेला तोवर पाय काळा पडला होता. डावा पाय. गुडघ्याखालून काढावा लागला. घरी आणल्यावर ड्रेसिंग करायला मी जायचे. जन्मभर जखमा बघितल्या, पण त्या पायाची पट्टी सोडताना मला रडू यायचं. मग मी उगाच त्याच्यावर खेकसायचे.

त्याला एकच गोष्ट पाहिजे होती. एका रविवारी मैदानात जाऊन कडेला बसून सामना बघायचा. बास. मैदान घरापासून हाकेच्या अंतरावर. वहिनी म्हणाल्या रिक्षा बोलावते, मी म्हटलं मी बरोबर येते. ऐकेल तर शपथ.

"सिस्टर, रिक्षात घालून दवाखान्यात नेत्यात," तो म्हणाला. "मैदानात पोरं नेतील मला. आजवर त्यांनीच आणलंय घरी."

मी त्याला लय बोलले. म्हटलं दादा, पाय गेला तरी तोरा काही जात नाही तुमचा. तो नुसता हसला. पण मला आतून समजत होतं. तो पेशंट म्हणून तिथं जाणार नव्हता. त्याला न्यायला कुणीतरी यायला पाहिजे होतं.

शेवटी वहिनीच पदर खोचून अध्यक्षांच्या बंगल्यावर गेल्या. अध्यक्ष एकेकाळी त्याचे बूट सांभाळायचे, आता दारात मोठी पांढरी गाडी. ते फार गोड बोलले. वहिनी, तुम्ही चालत कशाला आलात, नुसता फोन करायचा, या रविवारी गाडी पाठवतो, आम्ही सगळे घ्यायला येतो. वहिनींनी घरी येऊन सांगितलं तसा त्याचा चेहराच पालटला.

त्या रविवारी दुपारीच त्यानं दाढी केली, जर्सी घातली. ती पोटावर बसेना, तर वहिनींनी बाजूची शिवण उसवून दिली. ओट्यावर खुर्ची टाकून बसला. मैदानातून शिट्टी ऐकू आली, आरडाओरडा ऐकू आला. गाडी आली नाही. फोन केला तर कळलं, गाडी पुण्याला गेलीय. पुढच्या रविवारी गाडी गॅरेजला होती. त्याच्या पुढच्या रविवारी प्रचाराला. तो मात्र दर रविवारी दाढी करून, जर्सी घालून ओट्यावर. जाणारा-येणारा विचारायचा, काय दादा, कुठं निघाला? तो म्हणायचा, सामन्याला. पोरं येतायत.

आणि पोरं, म्हणजे आता पन्नाशीचे बाप्ये, त्या गल्लीनं यायचेच बंद झाले. एकजण बाजारात भेटला तेव्हा मी त्याला धरलाच. तर डोळ्यांत पाणी आणून म्हणतो कसा, सिस्टर, त्याला तसा बघवणार न्हाई, आमच्या डोळ्यापुढं त्यो मैदानातलाच राहू दे. वा रे वा! ह्यांच्या डोळ्यांची काळजी. ओट्यावर बसलेल्या माणसाचे डोळे रस्त्याला लागून राहिलेत, त्यांचं काय? मी त्याला भर बाजारात तसं सुनावलं. त्यानं मान डोलावली आणि कोथिंबीर घेऊन निघून गेला.

तो सोमवारी पहाटे गेला. आदल्या दिवसाची जर्सी वहिनींनी धुऊन दोरीवर टाकली होती, ती वाळलीसुद्धा नव्हती.

आणि मग काय सांगू, सांगलीपासून रहिमतपूरपर्यंतची माणसं लोटली. ज्यांना बघवत नव्हतं त्या सगळ्यांना आता बघवायला लागलं. खांदा द्यायला रेटारेटी. तिरडी मैदानात नेली, पूर्ण एक फेरी मारली, घोषणा दिल्या, कुणीतरी ड्रोन उडवला. म्हणजे अखेर त्याला मैदानात नेलाच, आणि खांद्यावरूनच. मी फाटकाशी उभी होते. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड होत होता. वहिनी माझा हात धरून उभ्या होत्या.

तिसऱ्या दिवशी रक्षाविसर्जनाला सगळे कृष्णाघाटावर जमले. आमच्याकडं रक्षा सावडून झाली की गेलेल्या माणसाच्या आवडीचं सगळं केळीच्या पानावर मांडतात आणि बाजूला होऊन कावळ्याची वाट बघतात. कावळा शिवला की माणूस सुखानं गेला. नाही शिवला तर त्याचं काहीतरी राहिलंय असं धरतात. मग जवळची माणसं हात जोडून पुढं होतात आणि त्याला मोठ्यानं शब्द देतात, तुझं अमुक आम्ही बघतो, तमुक पार पाडतो.

वहिनींनी भडंग आणलं होतं, भरलं वांगं, जिलेबी, काचेच्या ग्लासात चहा. ते मांडून झालं तेवढ्यात क्लबचे लोक एक कोरा करकरीत फुटबॉल घेऊन पुढं आले. त्याला झेंडूचा हार घातलेला. तो त्यांनी अगदी पानाशेजारी ठेवला, पाया पडले, फोटो काढले आणि मागं सरकले.

झाडावर कावळे पुष्कळ होते. एखादा खाली उतरायचा, पानापर्यंत तुरुतुरु यायचा आणि काव काव करत उडून जायचा. नदीवरून वारा येत होता. हळूहळू कुजबुज सुरू झाली. वहिनींचा चेहरा उतरत चालला. त्याचं काय राहिलंय हे त्यांना ठाऊक होतं, मला ठाऊक होतं, आणि समोर उभ्या असलेल्या निम्म्या लोकांनाही ठाऊक होतं. ते एक सोडून बाकी सगळं बोलायला सुरुवात झाली.

एकजण पुढं झाला, म्हणाला चौकात तुझा पुतळा बसवतो. कावळा येईना. दुसरा म्हणाला मैदानाच्या फाटकाला तुझं नाव देतो. कावळा आला, तसाच परत गेला. तिसऱ्यानं तर राज्य पातळीवरचं स्टेडियमच बांधून टाकलं. लिलावात बोली चढावी तसे शब्द चढत चालले. मी मनात म्हटलं, अरे मेल्यांनो, कुणीतरी एवढंच म्हणा की दादा, आम्ही न्यायला आलो नाही, आमचं चुकलं. तेवढं कुणी म्हणेना.

शेवटी अध्यक्ष पुढं आले. गॉगल काढला. दोन्ही हात जोडून गहिवरल्या आवाजात म्हणाले, तुझ्या नावानं दरवर्षी चषक भरवतो, मी शब्द देतो. कावळा फांदीवरून हललासुद्धा नाही.

त्याच वेळी वहिनी माझ्या शेजारून उठल्या. सरळ पानापाशी गेल्या, तो हार घातलेला चेंडू उचलला, पदराखाली झाकला आणि परत माझ्याशेजारी येऊन बसल्या. मला हळूच म्हणाल्या, "त्यांचा रुसवा न्हवता ह्यो. कावळं चेंडवाला भ्यालं हुतं."

इतक्या वर्षांच्या कुरडया माझ्या डोळ्यांपुढं आल्या. वहिनी पुरत्या टेकल्याही नसतील तोच कावळे झपकन पानावर उतरले. आधी जिलेबी गेली, मग वांगं.

गर्दीत एकच हलकल्लोळ. साहेबांनी शब्द दिला आणि बघा, लगेच शिवला! अध्यक्षांनी डोळे पुसले, लोक त्यांच्या पाया पडायला लागले. चेंडू कुणी हलवला हे एकाच्याही ध्यानात आलं नव्हतं. दुपारपर्यंत प्रत्येकाच्या मोबाईलवर तो व्हिडिओ, अध्यक्ष हात जोडून उभे आणि पानावर कावळे. वहिनी कडेला, चौकटीत अर्ध्या कापल्या गेलेल्या. मी वहिनींना म्हटलं, तुम्ही तिथंच ओरडून का सांगितलं नाही? त्या म्हणाल्या, सांगून ते आता मैदानात जाणार हायत का?

पुतळा, फाटक, स्टेडियम यातलं काही झालं नाही, आणि होणार नव्हतंच. चषक मात्र भरला, कारण त्याच सुमाराला निवडणूक होती. पुन्हा फ्लेक्स, पुन्हा गॉगल. उद्घाटन वहिनींच्या हस्ते, रविवारी दुपारी. अध्यक्षांचा स्वतः फोन, वहिनी, तुम्ही फक्त तयार राहा, गाडी दारात येईल. त्यांची जायची इच्छा नव्हती. मीच म्हटलं, चला, त्यांच्या नावाचं आहे, मी येते बरोबर. त्यांनी बरी साडी नेसली. आम्ही दोघी ओट्यावर येऊन उभ्या राहिलो.

गाडी आली. सांगितल्या वेळेच्या आधीच आली. तीच ती मोठी पांढरी, पुसून लख्ख केलेली. अध्यक्षांचा ड्रायव्हर जुना माणूस, केस पांढरे झालेला, त्यानं अदबीनं उतरून मागचं दार उघडलं.

वहिनी पायरी उतरल्या, दारापाशी थांबल्या. कुठलाही राग न आणता, सहज विचारावं तसं त्यांनी त्याला विचारलं, "भाऊ, मागं ही गाडी लय दिवस गॅरेजला हुती न्हवं?"

तो बिचारा गोंधळला. अध्यक्षांचं बोलणं त्याला काय माहीत?

"न्हाई वो काकू. नवीकोरी हाय, कवाच बंद पडली न्हाई."

"मग रविवारी पुण्याला जाती व्हय?"

"रविवारी?" तो म्हणाला. "रविवारी सायेब घरीच असत्यात. गाडी दारात उभीच असती दिवसभर. मी बी आत बसून झोपा काढतो."

वहिनींनी मान हलवली. त्या मागं वळल्या, पायातली चप्पल काढून जागेवर ठेवली आणि घरात गेल्या. ड्रायव्हर दार उघडं धरून माझ्याकडं बघत राहिला. मैदानातून शिट्टी ऐकू आली.