पूर्णेच्या मावशी

निजामी जाऊन दोनेक वर्षं झाली होती. पूर्णेच्या रेल्वे चाळीतल्या मावशी दर बाजारच्या दिवशी आम्हाला अंगणात जमवायच्या. आम्ही सगळ्या दुसऱ्यांची लेकरं सांभाळणाऱ्या. मावशी बोलता बोलता कुणाच्या तरी पोरीची वेणी घालत असायच्या.

वारलेल्या शेजारणीची चार वर्षांची मुलगी मी घरी आणली होती. ती भाकरी चोरून अंथरुणात लपवायची.

"काल मारलं मी तिला," मी रडत सांगितलं.

मावशी रागावल्या नाहीत. त्यांनी फडक्यात भाकरी बांधून माझ्याशेजारी बसलेल्या माझ्या पोरीच्या हातात दिली.

"ही तुझी. कुणी घेणार न्हाई." मग मला म्हणाल्या, "रोज अशीच देत जा, बाई. पोरगी चोर न्हाई, लय भ्यालेली हाय."

मी रोज देत गेले. महिन्याभरानं पोरीनं ते फडकं माझ्यापुढं सोडलं.

"तू खा," ती म्हणाली. "मला भूक लागली की मागीन."